सुरक्षित फर्मवेअर : इंटरप्ट नेमका कोणाचा?

साध्या फर्मवेअरमध्ये इंटरप्ट आला की तो किती लवकर हाताळला जाईल, एवढीच चिंता असते. सुरक्षित फर्मवेअरमध्ये त्याआधी मालकीचा प्रश्न येतो. आर्मच्या ट्रस्टझोन रचनेत एकाच प्रोसेसरवर दोन जगे आळीपाळीने चालतात. एका बाजूला लिनक्स किंवा अँड्रॉइड असते, तर दुसऱ्या बाजूला ऑप-टीसारखी छोटी सुरक्षित प्रणाली. टचस्क्रीनचा इंटरप्ट सुरक्षित बाजूला जाऊन काही उपयोग नाही. सुरक्षित टायमरचा इंटरप्ट लिनक्सच्या ताब्यात गेला, तर मात्र पोखरलेले लिनक्स तो खुशाल दाबून टाकू शकते.

ही वाटणी जीआयसी हा इंटरप्ट कंट्रोलर करतो. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक इंटरप्ट तीनपैकी एका गटात असतो : गट ०, सुरक्षित गट १ आणि असुरक्षित गट १. गट ठरवणारी रजिस्टरे बूटच्या वेळी, लिनक्स सुरू होण्याआधीच भरली जातात. नंतर असुरक्षित बाजूने ती वाचली तर सुरक्षित इंटरप्टच्या जागी शून्य दिसते, आणि तिथे काही लिहिले तर ते वाया जाते. प्राधान्याचेही तसेच. आकडा जितका लहान, तितका इंटरप्ट महत्त्वाचा. लिनक्सने स्वतःच्या इंटरप्टला कोणताही आकडा दिला, तरी हार्डवेअर तो १२८ ते २५५ या खालच्या अर्ध्यातच बसवते. वरचा अर्धा भाग सुरक्षित बाजूसाठी मोकळा राहतो.

प्रोसेसरपर्यंत जाणाऱ्या वाटा मात्र दोनच, आयआरक्यू आणि एफआयक्यू. गट ० नेहमी एफआयक्यूने येतो. गट १ची वाट त्या क्षणी कोणते जग चालू आहे यावर ठरते : चालू जगाचा इंटरप्ट आयआरक्यू म्हणून येतो, दुसऱ्या जगाचा एफआयक्यू म्हणून. त्यामुळे लिनक्स चालू असताना एफआयक्यू आला, तर तो लिनक्सचा नाही हे नक्की. एससीआर-ईएल३ या रजिस्टरातला एक बिट त्याला थेट सर्वोच्च स्तरावर, म्हणजे ईएल३वरच्या मॉनिटरकडे पाठवतो.

समजा, लिनक्स चालू आहे आणि सुरक्षित टायमर वाजला. प्रोसेसर ईएल३च्या व्हेक्टर तक्त्यात, पायापासून १,२८० बाइट अंतरावरच्या नोंदीवर उडी मारतो. प्रत्येक नोंदीला १२८ बाइट, म्हणजे जेमतेम ३२ सूचनांची जागा असते. ईएल३वर मॉनिटर म्हणून चालणारे ट्रस्टेड फर्मवेअर-ए इथे आधी ३१ सर्वसाधारण रजिस्टरे साठवते आणि मग कंट्रोलरला विचारते, की थांबलेला इंटरप्ट कोणाचा? उत्तर १०२० आले तर सुरक्षित प्रणालीचा, १०२१ आले तर असुरक्षित बाजूचा. पाकीट न फोडता वरचा पत्ता वाचावा, तशी ही चौकशी असते. इंटरप्टची पोच मॉनिटर देत नाही. तो लिनक्सचा संदर्भ जपून ठेवतो, ऑप-टीचा संदर्भ चढवतो आणि तिच्या ठरलेल्या प्रवेशबिंदूवर उतरतो. पोच देणे आणि काम संपल्याचे कळवणे ही दोन्ही कामे ऑप-टीची. ती मॉनिटरला बोलावणाऱ्या एसएमसी सूचनेने परतली, की लिनक्स जिथे थांबले होते तिथूनच पुढे चालू लागते. मध्ये काही घडल्याचे त्याला कळतही नाही.

उलट दिशा अधिक नाजूक आहे. ऑप-टी सही तयार करत असताना नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट आला तर काय करायचे? इंटरप्ट अडवून ठेवले, तर लिनक्स तेवढा वेळ त्या कोअरवर गोठते. म्हणून लांबणारी कामे लिनक्स ऑप-टीकडे ‘यील्डिंग’ प्रकारच्या कॉलने सोपवते. तिथे ऑप-टी आपला थ्रेड बाजूला ठेवते आणि परका इंटरप्ट आल्याचे सांगत परतते. लिनक्स इंटरप्ट हाताळून पुन्हा कॉल करते आणि थ्रेड पुढे सरकतो. ‘फास्ट’ कॉल मध्येच सोडता येत नाहीत, म्हणून ते छोटेच ठेवावे लागतात.

अशा मधल्या निघण्यात खरा धोका मागे राहिलेल्या रजिस्टरांचा. सर्वसाधारण रजिस्टरे सहसा कोणी विसरत नाही. एईएस या कूटलेखन पद्धतीच्या सूचना मात्र ३२ व्हेक्टर रजिस्टरांत चालतात आणि किल्लीचे तुकडे तिथेच असतात. खर्च वाचवण्यासाठी ती रजिस्टरे गरज पडेल तेव्हाच साठवण्याची पद्धत आहे. या हिशेबात एक वाट जरी सुटली, तरी किल्ली लिनक्सला आयती मिळते. मायक्रोकंट्रोलरसाठीच्या ट्रस्टझोनमध्ये हे काम हार्डवेअरवरच सोपवले आहे. सुरक्षित कोड चालू असताना असुरक्षित इंटरप्ट आला, तर प्रोसेसर स्वतःच रजिस्टरे सुरक्षित स्टॅकवर ठेवतो आणि रजिस्टरांतला मजकूर पुसतो. हा निर्णय शहाणपणाचा म्हटला पाहिजे.

रजिस्टरे पुसली तरी वेळ पुसता येत नाही. इंटरप्ट कधी यावा हे असुरक्षित बाजू ठरवू शकते. २०१७ साली ल्युवेन विद्यापीठातल्या संशोधकांनी एसजीएक्स-स्टेप या साधनाने हे इंटेलच्या प्रोसेसरवर दाखवले. टायमरचे इंटरप्ट बारकाईने जुळवून त्यांनी एन्क्लेव्हला, म्हणजे इंटेलच्या एसजीएक्स रचनेतल्या सुरक्षित कप्प्याला, एकेका सूचनेवर थांबवले. पुढच्या वर्षीच्या नेमेसिस हल्ल्यात इंटरप्ट स्वीकारायला लागलेला वेळ मोजला गेला आणि त्यावरून त्या क्षणी कोणती सूचना चालू होती याचा माग काढला गेला. एन्क्लेव्हच्या आतल्या कोडला आपण मध्येच थांबलो होतो हे कळण्याची सोय तेव्हा नव्हती. ती इंटेलने पुढे एईएक्स-नोटिफाय या नावाने दिली. ही सोय नसलेल्या प्रोसेसरवर किल्ली हाताळणारा कोडच असा लिहावा लागतो, की गुप्त बिट ० असो वा १, त्याच सूचना त्याच क्रमाने चालतील.