जुन्या जीपगाडीचे इंजिन ओळखून सुटे भाग मागविणे

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या गावी जुनी जीपगाडी नादुरुस्त झाली, म्हणजे सुटे भाग बहुधा बाहेरगावाहून मागवावे लागतात. मागणी करताना "जीपचे पिस्टन" किंवा "महिंद्र जीपचे बेअरिंग" एवढेच सांगण्याची पद्धत आहे. चुकीचा भाग येतो, तो परत पाठविण्यात आठवडा जातो आणि ऐन सुगीत गाडी उभी राहते. जीप हे गाडीचे नाव आहे, इंजिनाचे नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या जिपा लोकांच्या हाती आल्या. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामुदायिक विकास योजनेस प्रारंभ झाल्यावर गटविकासाच्या कामी जीप वापरात आली. पुढे अशा गाड्या लिलावात विकल्या जाऊन शेतकऱ्यांकडे गेल्या आणि पेट्रोलचा खर्च परवडेना तेव्हा अनेकांनी त्यांत डिझेल इंजिन बसविले. त्यामुळे नोंदणी पुस्तकात एक व बॉनेटखाली दुसरेच, असा प्रकार वारंवार आढळतो. म्हणून कागदावर विसंबू नये, इंजिनच पाहावे.

स्पार्क प्लग व कार्ब्युरेटर असल्यास इंजिन पेट्रोलचे. इंजेक्टर व त्यांना तेल पुरविणारा पंप असल्यास डिझेलचे. पेट्रोल इंजिनांत दोन जाती मुख्य आहेत. महायुद्धकाळातील इंजिनाचे दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे त्याचे हेड सपाट दिसते. उंच बॉनेटच्या पुढील जिपांमध्ये आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये व बाहेर सोडणारे ब्लॉकमध्ये असतात. हेडवर झाकण दिसते. दोहोंचा बोअर 79.4 मिलिमीटर व स्ट्रोक 111.1 मिलिमीटर असाच आहे. तेव्हा केवळ मापे कळवून हेड किंवा गॅसकेट मागविणे व्यर्थ होय.

सपाट हेडच्या इंजिनांतही एक भेद आहे, आणि तो महाग पडतो. युद्धकाळच्या इंजिनात कॅमशाफ्ट साखळीने फिरते. नंतरच्या बनावटीत ते दंतचक्रांनी फिरते. साखळीने दोन्ही शाफ्ट एकाच दिशेने फिरतात, दंतचक्रांनी उलट दिशेने. ऑईल पंप कॅमशाफ्टवरून चालत असल्याने एकाचा पंप दुसऱ्यास चालत नाही. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात म्हणून तसाच बसविला, तर बेअरिंगांना तेल पोचणार नाही.

डिझेल इंजिनांत प्यूजोचे 2112 घनसेंटिमीटरचे व महिंद्रचे 2523 घनसेंटिमीटरचे, ही दोन उदाहरणे पाहावीत. पहिल्याचा बोअर 90 व दुसऱ्याचा 88.9 मिलिमीटर, हा फरक डोळ्यांस कळत नाही. स्ट्रोक मात्र 83 व 101.6 मिलिमीटर आहे. हेड उतरलेले असता पिस्टन तळापासून माथ्यापर्यंत किती सरकतो ते मोजले की शंका उरत नाही.

इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर ठोकलेला असतो. जुन्या पेट्रोल जिपेत तो पुढील बाजूस, पाण्याच्या पंपामागे सापडतो. तेलकट माती रॉकेलने धुऊन काढावी; कानसीने घासू नये. विलीजच्या क्रमांकापुढे "ए" अक्षर असल्यास मूळ बेअरिंगे इंचाच्या दहा सहस्रांशाने लहान मापाची आहेत, "बी" असल्यास पिस्टन तितक्याच मोठ्या मापाचे आहेत, असे समजावे. हा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळत नसल्यास, मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार इंजिनातील फेरबदलाची नोंद परिवहन कार्यालयातून करून घ्यावी.

क्रँक पूर्वी घासून घेतले असल्यास मूळ मापाचे बेअरिंग सैल बसते, तेलाचा दाब पडतो आणि नवे बेअरिंगही थोड्याच दिवसांत जाते. जुन्या बेअरिंगच्या पाठीवर 010, 020 असा आकडा किंवा 0.25 असे माप असते. तेच आधी वाचावे. क्रँक पुन्हा घासायचे असेल तर मात्र ते काम आधी करून, नंतर मायक्रोमीटरने मापून मागणी करावी. कित्येक मिस्त्री आधी बेअरिंग आणून ठेवतात. ही घाई बरी नव्हे.

मागणीपत्रात इंजिनाची जात, क्रमांक, बोअर, स्ट्रोक व जुन्या भागावरील अक्षरे व आकडे जसेच्या तसे उतरावेत. भाग लहान असल्यास जुनाच भाग पुसून, चिठ्ठी बांधून सोबत पाठवावा. नवा येऊन जुळेपर्यंत तो भंगारात देऊ नये.