आशाताईंच्या पिशवीतलं संशोधन

गावात बाळ जन्मलं की तिसऱ्या दिवशी आशाताई दारात हजर. पिशवीतून झोळीचा वजनकाटा निघतो, थर्मामीटर निघतो, घड्याळ निघतं. बाळाला झोळीत घालून वजन होतं, काखेत थर्मामीटर जातो, आणि मग ताई बाळाच्या छातीकडे टक लावून श्वास मोजत बसतात. पुन्हा सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी हेच. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. या भेटी मुळात सुचल्या कुणाला, याचा माग काढत गेलं की आपण पोहोचतो गडचिरोलीत. आणि गंमत म्हणजे, वाटेत लंडनहून निघणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचा १९९९ सालचा एक अंकही लागतो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथली लहान मुलं न्यूमोनियाने जात होती. हा आजार ओळखण्याची मोठी खूण म्हणजे श्वासाचा वेग: दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला साठपर्यंत गेले, किंवा त्याहून मोठ्या मुलाचे पन्नासपर्यंत, तर धोका. पण हे काम ज्यांच्याकडे द्यायचं, त्या गावातल्या अनेक दायांना तिथवर मोजता येत नव्हतं. मग एक वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पाटी तयार झाली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी धोक्याचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. मोजायचं फक्त दहापर्यंत! निरक्षरता ही दाईची उणीव न मानता उपकरणाच्या रचनेतला प्रश्न मानली, हे मला त्या मण्यांपेक्षाही विलक्षण वाटतं.

पुढचा प्रश्न अधिक अवघड होता: जन्मानंतरचे पहिले २८ दिवस. या काळात गावात बाळांचं काय होतं, हे नीट कुणी पाहिलेलंच नव्हतं. सर्चने १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांवर लक्ष ठेवलं. यातली सुमारे ९५ टक्के घरीच जन्मलेली. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती. मिळाले शंभरातल्या तिघांनाही नाहीत.

मग याच गावांतल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, अंगावर पाजायला आईला मदत कशी करायची, जन्मतः गुदमरलेल्या बाळाचा श्वास कसा सुरू करायचा, आणि जंतुसंसर्ग झाला तर घरच्या घरी प्रतिजैविकाचं इंजेक्शन कसं द्यायचं. हो, इंजेक्शन, आणि तेही नवजात बाळाला. जंतुसंसर्ग ओळखायला प्रयोगशाळा कुठून आणणार? पण नोंदी तपासल्यावर दिसलं की सात साध्या लक्षणांपैकी कोणतीही दोन एकत्र दिसली की संशय पुरेसा पक्का होतो: रडणं क्षीण होणं, दूध ओढणं मंदावणं, हातपाय लुळे पडणं, अंग गार लागणं, अशी ती लक्षणं. यातली बहुतेक आईच्या नजरेला आधी दिसतात.

तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो ५८ होता, तो ६० झाला. हेच निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

एवढा लख्ख पुरावा. तरी केंद्र सरकारने नवजात बाळांच्या घरभेटींची देशव्यापी योजना आखली ती २०११ मध्ये. मधली बारा वर्षं कुठे गेली?

काही वर्षं ‘गडचिरोली म्हणजे भारत नव्हे’ या रास्त शंकेला उत्तर देण्यात गेली. महाराष्ट्रात इतर सात ठिकाणी ‘अंकुर’ प्रकल्पातून हीच पद्धत करून पाहिली गेली. बांगलादेशातल्या सिल्हेट आणि उत्तर प्रदेशातल्या शिवगढ इथल्या प्रयोगांचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. तपशील निराळे, पण प्रशिक्षित माणूस घरी पोहोचला की मृत्यू घटतात, हे तिथेही दिसलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून घरभेटींची शिफारस केली. इकडे महाराष्ट्रात २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला होता. सरकारी नोंदींत न उतरणारे बालमृत्यू त्याने चव्हाट्यावर आणले आणि हा विषय डॉक्टरांपुरता राहिला नाही.

पण माझ्या मते खरी अडचण वेगळी होती. पुरावा होता, तो राबवणारं माणूस सरकारी यंत्रणेत नव्हतं. ते आलं २००५ मध्ये, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून: साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. आशा या कल्पनेचं श्रेयही एकट्या गडचिरोलीचं नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सत्तरच्या दशकातच गावातल्या बायकांच्या हाती आरोग्य सोपवलं होतं. छत्तीसगडच्या मितानिन या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकाही आशांच्या आधीच्या. निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या माणसांनी उभ्या केलेल्या या गोष्टी एका सरकारी पदात येऊन मिळाल्या, तेव्हा कुठे ‘लॅन्सेट’मधल्या त्या शोधनिबंधाला पाय फुटले.

दिल्लीपर्यंत जाताना मात्र त्यातलं काही गळलं. भेटी आल्या, वजनकाटा आला, लक्षणांची यादी आली. इंजेक्शन आशाताईंच्या हाती आलं नाही. २०१४ मध्ये केंद्राने नवजात बाळाला जेंटामायसिन हे प्रतिजैविक देण्याची परवानगी दिली ती एएनएमना, म्हणजे सरकारी परिचारिकांना. डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हाती सुई द्यावी का, ही भीती समजण्यासारखी आहे. पण गडचिरोलीत वाचलेली कितीतरी बाळं त्या सुईनेच वाचली होती, हेही तितकंच खरं. शिवाय तिथल्या आरोग्यदूताचं काम बेताचं होतं आणि पाठीशी सतत देखरेख होती. आशाताईंकडे लसीकरण, क्षयरोग, गरोदर स्त्रियांची नोंद आणि नाना सर्वेक्षणंही आहेत. त्या सरकारी कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका मानल्या जातात. योजनेने एका बाळाच्या या सगळ्या भेटींचा मोबदला ठरवला होता २५० रुपये.