अनिश्चित काळातील शेती : नांदगाव तालुक्याचा विचार

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील नांदगाव तालुक्यात तो सरासरीने पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. सह्याद्री ओलांडणारे ढग घाटमाथ्यावरच बहुतेक पाणी रिते करतात व उरलेसुरले या तालुक्याच्या वाट्यास येते. ते केव्हा येईल याचाही नेम नसतो. सप्टेंबर २०२१ मध्ये लेंडी व शाकंबरी या नद्यांना पूर येऊन नांदगाव शहरात पाणी शिरले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

पावसाचा हा लहरीपणा जुना आहे. परंतु अलीकडे त्यात दोन गोष्टींची भर पडली आहे : एक म्हणजे दूरच्या देशांतील घडामोडी आणि दुसरी म्हणजे झपाट्याने बदलणारी तंत्रविद्या. मानवाचे भवितव्य या तीन गोष्टींवर अवलंबून आहे, असे आज जगभर बोलले जाते. त्याचा अर्थ शेताच्या बांधावर उभे राहूनही समजून घेता येतो, व तो समजल्यास पेरणीचे निर्णय अधिक शहाणपणाने घेता येतात.

अनिश्चितता एकाच जातीची नसते

काही गोष्टींची निश्चिती नसली तरी त्यांचा अंदाज बांधता येतो. पाऊस हा या वर्गातील होय. गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी पाहिल्या की दहा वर्षांत किती वेळा जुलै-ऑगस्टमध्ये खंड पडला, हे सांगता येते. यंदा पडेल की नाही हे मात्र सांगता येत नाही. 'पावसाची शक्यता साठ टक्के' असा अंदाज प्रसिद्ध होतो, त्याचा अर्थ इतकाच की, अशा दहा प्रसंगी सहा वेळा पाऊस येतो व चार वेळा येत नाही. पाऊस न आल्यास अंदाज खोटा ठरला, असे शेतकरी म्हणतात. तो समज बरोबर नाही. त्या चार प्रसंगांची तयारी ठेवणे, हाच अंदाजाचा खरा उपयोग होय.

प्रशांत महासागराचे विषुववृत्तालगतचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापते, त्या स्थितीस 'एल निनो' म्हणतात. अशा वर्षी आपल्याकडील मोसमी पाऊस कमी होण्याचा संभव वाढतो. २००९ व २०१५ साली तसे झाले. परंतु १९९७ साली एल निनो अतिशय प्रबळ असूनही देशातील पाऊस सरासरीइतका झाला. म्हणजे हा इशारा आहे, निकाल नव्हे. शिवाय पृथ्वीचे तापमान वाढत आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. त्यामुळे पाऊस थोड्या दिवसांत, पण मोठ्या सरींनी पडण्याकडे कल होतो. अशा सरींचे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी माती घेऊन ओढ्याला जाते.

दुसऱ्या जातीची अनिश्चितता बाजारभावाची. ती मागील नोंदींवरून मोजता येत नाही. कारण ती माणसांच्या निर्णयांतून निर्माण होते. नांदगाव, मनमाड वा बोलठाण येथे कांदा विकणाऱ्या शेतकऱ्यास याचा अनुभव आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लागले. त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून निर्यात बंद झाली. ४ मे २०२४ रोजी ती शुल्क व किमान निर्यातमूल्याच्या अटींवर खुली झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क वीस टक्क्यांवर आले व १ एप्रिल २०२५ पासून ते उठले. उन्हाळ कांद्याचे रोप टाकताना यांपैकी कोणतीही गोष्ट शेतकऱ्यास ठाऊक असणे शक्य नव्हते.

तिसरी जात सर्वांत अवघड. जे पूर्वी कधी पाहिलेच नाही, ते एकाएकी शेतात दिसू लागते. कुक्कुटखाद्यासाठी मागणी वाढली, तसा या भागात बाजरीचा बराच पेरा मक्याने घेतला. अमेरिका खंडात मुळात आढळणारी लष्करी अळी २०१६ साली आफ्रिकेत आढळली. मे २०१८ मध्ये ती कर्नाटकात दिसली व त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. २०१९ साली चीन व २०२० साली ऑस्ट्रेलिया तिने गाठले. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडू शकतो आणि एक मादी दीड ते दोन हजार अंडी घालते. डोक्यावर उलट्या 'वाय' अक्षरासारखी खूण व शेपटाकडील आठव्या खंडावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके, ही तिची ओळख होय. २०१७ साली मका पेरणाऱ्या कोणासही तिची कल्पना नव्हती.

तंत्रविद्येची दोन अंगे

नवे तंत्र एक अनिश्चितता कमी करते, पण कित्येकदा दुसरी निर्माण करते. बाजरीचा इतिहास याची साक्ष देतो. १९६५ साली बाजरीचा 'एच. बी. १' हा पहिला संकरित वाण प्रसृत झाला. त्याचा मादी वाण अमेरिकेतील टिफ्टन येथून आणलेला होता. उत्पन्न भरघोस येऊ लागल्याने वाण झपाट्याने पसरला. पुढील संकरित वाणही बव्हंशी त्याच मादी वाणावर आधारलेले होते. १९७१ साली गोसावी रोगाची मोठी साथ आली, तेव्हा या सर्वांना एकदमच रोगाने ग्रासले. दोष संकरित बियाण्याच्या कल्पनेत नव्हता. पुढे रोगास दाद न देणारे वाण तयार झालेच. दोष होता तो सर्वत्र एकाच वंशाचे बी पेरण्यात. जुन्या मिश्र पेऱ्यात काही झाडे तरी तगत. येथे सर्व शेते सारखीच असल्याने एका रोगास सर्वांची वाट सापडली.

आजच्या तंत्रांनाही हाच नियम लागू आहे. विंधन विहीर खोल गेली म्हणजे एका शेतकऱ्याची चिंता मिटते, परंतु शेजाऱ्याचे पाणी खाली जाते. एकच कीटकनाशक वारंवार फवारल्यास त्यास न जुमानणाऱ्या अळ्या शिल्लक राहतात व त्यांचीच प्रजा वाढते. महावेध प्रकल्पातील स्वयंचलित हवामान केंद्र महसूल मंडळातील एका ठिकाणचा पाऊस मोजते. चार कोसांवरील गावात तो वेगळा असू शकतो. म्हणून तंत्र स्वीकारताना ते कोणती चिंता दूर करते याबरोबरच कोणती नवी चिंता आणते, हा प्रश्न विचारला पाहिजे.

उपाय कोणते?

पावसासाठी साठवण : एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ४,०४७ लिटर पाणी मिळते. पाचशे मिलिमीटर पावसाचे हे पाणी वीस लाख लिटर होते. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल, एकास एक उताराच्या शेततळ्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. एका एकरास पाच सेंटिमीटरची एक पाळी देण्यास दोन लाख लिटर लागते. बाष्पीभवन व झिरपण यांत निम्मे पाणी गेले असे धरले तरी खंडाच्या काळात सुमारे पाच एकरांस एक संरक्षक पाळी देता येते. ऐन फुलोऱ्यात मिळालेली एक पाळी बहुधा पीक हाती लावते. तथापि हे तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावयाचे आहे. विहिरीचे पाणी उपसून ते भरल्यास साठा वाढत नाही, केवळ जागा बदलते. बांधबंदिस्ती, उतारास आडवी पेरणी व कोळपणी यांनी जमिनीतील ओल टिकते. या कामांस खर्चही थोडा लागतो.

पिकांची वाटणी : भाव व नवी कीड यांचा अंदाज बांधता येत नाही, तेथे सर्व जमीन एका पिकाखाली आणू नये. उदाहरणार्थ, पाच एकरांच्या शेतकऱ्याने दोन एकरांत बाजरी व तूर दोनास एक ओळी, दीड एकरात मका, पाण्याच्या बेताने एका एकरात कांदा व अर्ध्या एकरात वैरण, असा मेळ घालावा. ज्या वर्षी मक्यास उत्तम भाव येईल, त्या वर्षी सर्व शेतात मका पेरणारा शेजारी याच्यापुढे जाईल, हे खरे. परंतु ज्या वर्षी मका फसेल, त्या वर्षी घरात भाकरीस बाजरी, गोठ्यात वैरण व पुढील हंगामास बियाणे राहील. कर्ज काढून एकाच पिकावर विसंबणाऱ्यास असे एक वाईट वर्षही सावरू देत नाही. चांगल्या वर्षी सोडलेली थोडी मिळकत ही या सुरक्षिततेची किंमत होय. बाजरीच्या 'धनशक्ती'सारख्या सुधारित वाणाचे बी निवडून घरी राखता येते. संकरिताचे तसे राखता येत नाही, हेही वाण ठरविताना ध्यानात घ्यावे.

नव्या किडीसाठी जागरूकता : मक्यात एकरी पाच कामगंध सापळे लावावेत, उगवणीपासून आठवड्यातून दोनदा पीक पाहावे व अंडीपुंज दिसताच चिरडावेत. सुरुवातीस पाच टक्के निंबोळी अर्क पोंग्यात पडेल असा फवारावा. दहा टक्क्यांहून अधिक रोपांवर प्रादुर्भाव दिसल्यास शिफारस केलेले कीटकनाशक वापरावे व पुढील फवारणीस वेगळ्या गटातील निवडावे. वेष्टनावर दिलेली मुदत संपण्यापूर्वी तो चारा जनावरांस घालू नये.

सर्वांनी मिळून वाटून घेण्याचे धोके : जे संकट एकट्याने पेलवत नाही, ते समाजाने वाटून घ्यावे लागते. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमीची कल्पना रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला व २००५ साली देशाने तिचे अनुकरण केले. पीकविम्याचे तत्त्वही हेच होय. परंतु त्याच्या अटी बदलत असतात. २०२३ च्या खरिपापासून राज्यात शेतकऱ्याचा हिस्सा केवळ एक रुपया होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत राहिली नाही. म्हणून गतवर्षीच्या माहितीवर न विसंबता प्रत्येक हंगामाच्या आरंभी चालू अटी वाचून घ्याव्यात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

कार्यकर्त्याने गावास भविष्य सांगू नये. ते कोणासच सांगता येत नाही. त्याने गावात पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. मे महिन्यात शिवारफेरी काढून कोणते पीक किती क्षेत्रावर येणार आहे याची यादी करावी, व सारे गाव एकाच पिकाकडे वळत असल्यास ते सभेत आकड्यांनिशी दाखवून द्यावे. पाऊस जुलैच्या मध्यापर्यंत न आल्यास काय पेरावयाचे, याचा दुसरा बेत आधीच ठरवून घ्यावा. सूर्यफूल, तूर व एरंडी यांचे थोडे बियाणे गावात अगोदर उपलब्ध असेल तरच असा बेत उपयोगी पडतो. पाऊस लांबल्यावर बियाण्यासाठी धावाधाव केल्यास वाफसा निघून जातो.