वाळूतून जाणारी गटारवाहिनी
समुद्रकाठच्या ओल्या वाळूत खड्डा खणला की त्याच्या कडा ढासळतात, हे आपण पाहतो. मग अशाच जमिनीतून, रस्ता न फोडता, सांडपाण्याचा नळ कसा नेतात?

उभ्या विहिरीत एक यंत्र उतरवतात. त्याची फिरती चकती माती कापते. मागून जॅक एकेक नळ पुढे रेटतात. आत माणूस नसतो. यंत्राच्या तोंडाशी बेंटोनाइट मातीचा पातळ चिखल दाबाने सोडतात. त्याचे बारीक कण वाळूच्या फटींत बसून साय धरतात आणि या सायीवर चिखलाचा दाब टेकतो. भूजलाखाली १० मीटरवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम असतो. चिखलाचा दाब त्याहून थोडा जास्त हवा. कमी पडला तर वाळू आत घुसून रस्ता खचतो, फार झाला तर चिखल वर उसळतो.

खाली खडक व वर माती असली की यंत्र मऊ बाजूला, वर, सरकते. म्हणून लेसर किरणाने दिशा सतत तपासतात. सांडपाणी उतारानेच वाहते. उतार बिघडला की गाळ साचतो. तो काढायला सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी गटारांतले मृत्यू थांबलेले नाहीत. उतार अचूक राखायचा तो यासाठीही.