उपग्रहचित्र जमिनीवर कसं बसवतात?

येवल्याचं लिस-४ चित्र घेऊ. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे ५.८ मीटर. चित्र चार ठिपके सरकलं, तर चूक २३ मीटरची. एकाची विहीर शेजाऱ्याच्या शेतात दिसायला लागते! म्हणून आपण जीपीएस घेऊन शिवारात जातो. चित्रात आणि जमिनीवर नेमक्या ओळखू येतील अशाच जागांचे अक्षांश-रेखांश घेतो: रस्त्यांची चौफुली, शेततळ्याचा कोपरा. नदीचा काठ नको, तो बदलतो.

आता बघा, चित्र सरकवायला, फिरवायला, ताणायला तीन बिंदू पुरतात. पण तिघांवरच बसवलं की चूक शून्य दिसते आणि आपण फसतो. म्हणून जास्तीचे बिंदू घ्यायचे, त्यातले काही बाजूला ठेवायचे आणि शेवटी त्यांच्यावर चित्र तपासायचं. खरी चूक तेच सांगतात.