ब्लड रेज: ज्या खेळात मेलेल्यांनाही गुण मिळतात

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे 'अं... अं...' आणि मागे वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या काढून टाकल्यात.

आजचा विषय आहे 'ब्लड रेज'. व्हायकिंग लोकांच्या पुराणकथांवरचा, मिनिएचर्सवाला बोर्ड गेम. डिझायनर एरिक लँग, साल २०१५. म्हणजे जगासाठी जुना, आमच्या घरात नवा. मैत्रिणीकडून उसना आणला आणि गेल्या दोन शनिवारी मी आणि माझा नवरा, आम्ही दोघं त्याचे तीन डाव खेळलो.

आधी आमची घरगुती अडचण सांगते, म्हणजे मी याच खेळावर एवढी का बोलतेय ते कळेल. माझ्या नवऱ्याला हरायची भीती नाही. पण आपण मागे पडलोय हे एकदा दिसलं की त्याचा रसच संपतो. हात आपोआप फोनकडे जातो. 'तू खेळ गं, मी बघतोय.' चौघांच्या डावात एक जण असा थंडावला तरी बाकीचे ओढून नेतात. दोघांत एकाने अंग काढून घेतलं की डाव तिथेच मेला. रमी, बुद्धिबळ, कॅरम, सगळ्याचा शेवट आमच्याकडे असाच होतो. त्यामुळे मला बघायचं होतं ते एकच: मागे पडलेल्या माणसाला हा खेळ धरून ठेवतो का?

आता खेळ कसा आहे ते पटकन बघू. प्रत्येकाकडे एक टोळी असते: लांडगा, अस्वल, कावळा किंवा सर्प. टोळीत एक नेता, काही योद्धे आणि एक जहाज. शिवाय ट्रोल, अग्निराक्षस, समुद्रसर्प असे राक्षस कार्डांमधून आपल्या बाजूला आणता येतात. या सगळ्यांच्या प्लॅस्टिकच्या मूर्ती असतात. चित्रं एड्रियन स्मिथची आणि मूर्ती त्यावरून घडवलेल्या. पहिल्या दिवशी खेळण्याआधी वीस मिनिटं आम्ही नुसत्या त्याच हातात घेऊन बघत होतो.

पटाच्या मधोमध आहे इग्द्रासिल, म्हणजे नॉर्स कथांमधला विश्ववृक्ष, आणि भोवती प्रांत. खेळ तीन युगं चालतो. प्रत्येक युगाच्या सुरुवातीला आठ-आठ कार्डं वाटायची, एक ठेवून उरलेली शेजाऱ्याला द्यायची, असं करत प्रत्येकाने सहा जमवायची. मग सैन्य उतरवायचं, सरकवायचं, प्रांत लुटायचे. बहुतेक चालींना 'रेज' खर्च होतो. आपण त्याला आवेश म्हणू. तो शून्यावर आला की त्या युगातल्या तुमच्या चाली संपल्या. गुणांना इथे 'ग्लोरी' म्हणतात, म्हणजे कीर्ती. शेवटी जास्त कीर्ती ज्याची, तो जिंकला.

इथपर्यंत ऐकून वाटेल की यात काय विशेष, मारामारीचाच खेळ आहे. खरी गंमत प्रत्येक युगाच्या शेवटी आहे. एक प्रांत नष्ट होतो. कायमचा. कोणता, ते आधीच पटावर दिसत असतं. आणि त्या प्रांतात तुमच्या जितक्या जास्त मूर्ती मरतील, तितकी जास्त कीर्ती तुम्हाला मिळते!

हे समजायला मूळ कथा थोडी माहीत हवी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना रॅग्नारॉक हा शब्द मार्व्हलच्या सिनेमातून माहीत असेल. सिनेमात लोकी थॉरचा भाऊ आहे. मूळ कथांमध्ये तो ओडिनचा रक्ताची शपथ घेतलेला भाऊ आहे. या कथा आपल्याला मुख्यतः आइसलँडमधल्या जुन्या हस्तलिखितांमुळे कळतात. १३व्या शतकात स्नोरी स्टुर्लुसन नावाच्या विद्वानाने त्यातल्या अनेक कथा एका ग्रंथात मांडल्या. त्यात रॅग्नारॉक म्हणजे देवांचा शेवट. ओडिनला फेनरीर नावाचा लांडगा गिळतो. थॉर महासर्पाला मारतो आणि नऊ पावलं चालून त्याच्या विषाने स्वतःही कोसळतो. लोकी आणि हाइमडाल एकमेकांना मारतात. मुद्दा असा की हे होणार आहे, हे ओडिनला आधीपासून ठाऊक आहे. तरी तो तयारी करत राहतो. शेवट टळणार नाही हे माहीत असताना लढायला कसं उभं राहायचं, हा या कथांचा गाभा.

लढाईत मेलेल्या वीरांपैकी निम्मे ओडिनच्या वल्हालात जातात, निम्मे फ्रेया देवीकडे. वल्हालात काय चालतं? दिवसभर एकमेकांशी लढायचं, मरायचं, संध्याकाळी उठून एकत्र जेवायला बसायचं. ज्या रानडुकराचं मांस शिजतं, तेही रोज नव्याने जिवंत होतं. खेळात अगदी हेच आहे. मेलेली मूर्ती वल्हालाच्या जागेत जाते आणि युग संपलं की मालकाकडे परत येते.

वीरमरणाची ही कल्पना आपल्याला परकी नाही बरं का. गावाकडे देवळाबाहेर वीरगळ पाहिले असतील. खालच्या चौकटीत लढाई, वरच्या चौकटीत वीराला स्वर्गात घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरला तर जहाजांवरची लढाई कोरलेले वीरगळ आहेत. दोन्ही संस्कृतींचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणत नाहीये. पण रणात पडलेल्याला वर नेणारी अप्सरा ज्याने पाहिली आहे, त्याला वाल्किरी समजायला फार वेळ लागत नाही.

आता परत पटावर. लढाईत दोघंही एकेक कार्ड पालथं ठेवतात आणि एकदम उघडतात. मूर्तींचं बळ अधिक कार्डाचं बळ, ज्याचं जास्त तो जिंकला. हरलेल्याच्या मूर्ती वल्हालात. पण जिंकणाऱ्याचं कार्ड जातं आणि हरणाऱ्याला त्याचं कार्ड परत मिळतं! म्हणजे आज तुम्ही मला हरवलंत, तर पुढच्या लढाईला माझा हात तुमच्यापेक्षा भरलेला. बरोबरी झाली तर दोघंही हरले, दोघांच्याही मूर्ती गेल्या. शिवाय लोकीच्या नावाची कार्डं आहेत. ती हरण्यावर आणि मरण्यावरच कमाई करून देतात.

दुसऱ्या डावात नेमकं हेच झालं. पहिल्या युगानंतर मी बरीच पुढे होते. नवरा गप्प. मला वाटलं, आता फोन निघणार. पण याने लोकीची कार्डं गोळा करायला घेतली होती. दुसऱ्या युगात त्याने जवळजवळ सगळं सैन्य बुडणाऱ्या प्रांतात नेऊन उभं केलं. ते दिसत होतं, पण त्याला तिथून हुसकावायला माझ्याकडे आवेशच उरला नव्हता. प्रांत गेला, सैन्य गेलं आणि साहेबांची कीर्ती सरसर वर. शेवटी तो नऊ गुणांनी जिंकला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दोन तास फोन चार्जिंगलाच होता.

माझ्या मते यातलं डोकं असं आहे: मागे पडलेल्याला हा खेळ दया म्हणून गुण देत नाही. हरण्याचाही डाव आधी रचावा लागतो. योग्य कार्डं, योग्य प्रांत, योग्य वेळ. तयारी न करता मेलात तर फारसं काही हाती लागत नाही. म्हणूनच मागे असलेल्या माणसाला करण्यासारखं काहीतरी उरतं.

आता दोघांत खेळणाऱ्यांसाठी. दोनच जण असले की कार्डवाटपाचा रंग बदलतो. त्याच दोन गड्ड्या तुमच्यात फिरत राहतात. पहिली गड्डी तुमच्याकडे परत येते तेव्हा आठातली सहा कार्डं उरलेली असतात. एक तुम्ही घेतलेलं, मग दुसरं समोरच्याने कोणतं घेतलं? नीट आठवलं तर लगेच कळतं. असं करत त्याचं अगदी पहिलं कार्ड सोडून बहुतेक हात ओळखता येतो. स्वतःला हवं ते घ्यायचं की त्याला हवं ते अडवायचं, हा प्रश्न दर वेळी पडतो. नवऱ्याचा हात असा वाचता येणं मला फार आवडलं. त्याला कमी.

उणी बाजूही सांगते. कमी खेळाडू असले की काही प्रांत सुरुवातीलाच नष्ट धरतात, त्यामुळे पट आटोपशीर होतो. तरी दोघांत लढाया कमी होतात, आणि मध्येच घुसून हिशेब बिघडवणारा तिसरा कुणी नसतो. खेळ दोन ते चार जणांचा आहे आणि तिघा-चौघांत तो जास्त खुलेल असं मला वाटतं. पहिल्या डावाला आम्हाला नियम वाचण्यासकट अडीच तास लागले, पुढच्यांना दीड-दोन. आणि एवढ्या मूर्ती म्हटल्यावर किंमत भारी असणारच. म्हणून थेट विकत घेऊ नका. आधी बोर्ड गेम कॅफेत किंवा कुणाकडून तरी आणून खेळून बघा. फक्त दोघांनाच खेळायचं असेल आणि वेळ कमी असेल, तर ग्रीक देवांच्या शक्ती असलेला 'सँटोरिनी' बघा. पाच बाय पाचचा पट, नियम पाच मिनिटांत समजतात.

आणि तुमच्याही घरात कुणी हरायला लागलं की फोन उचलत असेल, तर त्या माणसाला लोकीची कार्डं दाखवा. काय होतं ते आम्हाला व्हॉइस नोट पाठवून जरूर कळवा. तिसरा डाव कोण जिंकलं म्हणता? मी. चौथा येत्या शनिवारी आहे आणि या वेळी आठवण त्यानेच केली. भेटू पुढच्या भागात!