हिल व्ह्यूचा मेन्टेनन्स

घोडबंदर रोडवर फ्लॅट बघायला गेलं की 'हिल व्ह्यू'चे पैसे वेगळे लागतात. पण ज्या डोंगराचे हप्ते भरतोय, त्याच्या माथ्यावर आपल्यापैकी किती जण गेलेत? पाच दिवस ट्रॅफिकमध्ये, वीकेंड मॉलमध्ये!

तर बॉस, एक रविवार जांभूळमाळला द्या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली ही सर्वांत उंच जागा, साडेचारशे मीटरहून जास्त. वाट मात्र पलीकडून, बोरिवलीच्या बाजूने, कान्हेरी लेण्यांकडून चढते. वनखात्याची परवानगी आणि सोबत माहितगार हवाच. हा बिबट्यांचा इलाका आहे. चांगले बूट, दोन लिटर पाणी, बस्स. झाडी मागे पडते आणि उघडा कातळ लागतो. खाली १८७९चा तुळशी तलाव, त्यापुढे १८६०चा विहार. हवा स्वच्छ असेल तर ठाण्याची खाडीही दिसते.

आणि वर बसल्यावर एक गोष्ट लख्ख कळते. जंगल एकीकडे, खाडी दुसरीकडे आणि मधोमध आपला रस्ता. रानातून खाडीकडे निघालेल्या जनावराला तो ओलांडावाच लागतो. गाडीखाली येऊन इथे बिबटे मेलेत. ज्या ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४मध्ये झालं, त्याची आखणीही याच उद्यानाच्या पोटातून आहे.

म्हणून रात्री गायमुखजवळून जाताना ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचला. सोसायटीचा नाही, पण हिल व्ह्यूचा मेन्टेनन्स असाच भरायचा असतो.